चौदाव्या बावखलावरच्या नऊ टिचक्या

१

सन २००२. नोव्हेंबरची अठरा तारीख, सोमवार. तेव्हा आम्ही अजून ठाणे जिल्ह्यात होतो, बोळिंजला इमारतींच्या मधूनमधून भाताची खाचरं दिसायची आणि माझे गुडघे शाबूत होते. त्या सकाळी साडेनऊला एक बावखल नाहीसं झालं.

बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. विहिरीहून मोठं, तलावाहून लहान. जुन्या लोकांनी ते वाडीच्या कडेला खणलेलं असे. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि रहाटाने वर येऊन केळीला, पानवेलीला जायचं. पुढे रहाट गेले, पंप आले, पंपांमागून बिल्डर आले आणि बावखलं मातीने भरू लागली. उरली होती त्यांची यादी तालुक्याच्या कचेरीत द्यावी, निदान कागदावर तरी ती जिवंत राहतील, म्हणून आम्ही पाचसात जणांनी समिती काढली. वर्षभर पायपीट करून एक्केचाळीस बावखलं नोंदली. बुधवारी यादी द्यायची होती.

सोमवारी स्वप्नालीने ती छापली तर चाळीसच निघाली.

"चौदा नंबर कुठंय?" बर्नार्ड सरांनी विचारलं.

बर्नार्ड सर समितीचे अध्यक्ष. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे बोलताना एक बोट कायम समोरच्यावर रोखलेलं. त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असे. जगातलं सगळं त्या डायरीत. कुवेतला असलेला त्यांचा मुलगा फेबियन फोनवर कॉम्प्युटरचे धडे द्यायचा, तेसुद्धा लाल शाईने तिच्यातच लिहिलेले: 'ओळ निवडा. कंट्रोल आणि सी. मग कंट्रोल आणि व्ही.' सायबर कॅफेत बसून ते त्या धड्यांबरहुकूम मुलाला पत्रं पाठवत. मी एकदा चिडवलं होतं, "सर, या वयात तुम्हीच विद्यार्थी झालात."

त्या दिवशी त्यांनी डायरी उघडून माझ्यापुढे धरली. "शनिवार, सोळा तारीख, संध्याकाळी सहा. चाचणी म्हणून छापली तेव्हा मी स्वतः मोजली होती. एक्केचाळीस."

आमचं काम चालायचं कौस्तुभच्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत. कौस्तुभ पंचविशीतला, डोक्याने तल्लख, दाढी करायला विसरणारा. त्याने एका जुन्या मशिनवर लिनक्स घालून आमच्यासाठी यादीचा प्रोग्राम लिहिला होता. चित्रं नाहीत, रंगीत खुणा नाहीत. काळ्या खिडकीत नुसती इंग्रजी लिपीतली अक्षरं. तेव्हा त्या पडद्यावर देवनागरी उमटत नसे. पण माऊस मात्र चालायचा आणि कौस्तुभला त्याचा फार अभिमान. ओळीवर डाव्या बटनाने टिचकी मारली की त्या बावखलाची पूर्ण नोंद उघडे. उजव्या बटनाने मारली की ओळीच्या सुरुवातीला बारीकशी फुली येई. फुली म्हणजे 'बुजलेलं', ते छापील यादीतून गळे.

स्वप्नाली तोंड धुवायला बाहेर गेली होती. मी तिच्या खुर्चीत बसले, हाताशी असलेला माऊस बाजूला सारला आणि बाणांच्या कळांनी खाली गेले. चौदा नंबरपुढे फुली होती.

"हे बावखल परवापर्यंत काठोकाठ भरलेलं होतं," सर म्हणाले. "आणि ते कुणाच्या वाडीला लागून आहे, वसुंधराबाई?"

मला ठाऊक होतं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या स्वप्नालीलाही ठाऊक होतं. ओल्या तोंडानेच तिने उत्तर दिलं.

"माझ्या मामाच्या."

२

स्वप्नाली बावीस वर्षांची. एफ. वाय.ला वडील गेले, तेव्हापासून शत्रुघ्नमामाने तिचं शिक्षण केलेलं. वसईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात तिला जागा मिळायची होती आणि ती बर्नार्ड सरांच्या शिफारसपत्रावर अडली होती. सर ते पत्र यादी दिल्यावर लिहिणार होते.

आता सर म्हणत होते, "उद्या चारला समिती बसेल. मी सगळ्यांना सांगणार. मामासाठी पोरीने यादीत हात घातला, हे गावाला बाहेरून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं."

"सर, तिने केलं हे कशावरून?"

"किल्ल्या तीन. एक कौस्तुभकडे, एक माझ्याकडे, एक तिच्याकडे. यातल्या कुणाच्या मामाला बिल्डर भेटतो?"

ते गेल्यावर मी स्वप्नालीला मागच्या पायरीवर बसवलं. मुंबईच्या तारघरात मी बत्तीस वर्षं टेलिप्रिंटरवर होते. एखादी तार चुकली की चूक पाठवणाऱ्याची, तारेची की घेणाऱ्याची, हे शोधण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. सवयीने विचारलं, "सकाळी आल्यापासून काय काय केलंस? क्रमाने सांग."

"पंखा लावला, मावशी. कॉम्प्युटरचा पडदा बंद होता, तो चालू केला. आम्ही मशिन बंद करत नाही, नुसता पडदा बंद करतो. बघते तर प्रोग्राम अडकलेला. यादी दिसत होती, पण काही केल्या हलेना. खालच्या ओळीत नुसता कचरा."

"कसला कचरा?"

"अक्षरं. काहीच्या काही. मग मशिन बंद करून परत चालू केलं आणि कळा दाबूनच यादी छापली."

"म्हणजे तो कचरा गेला?"

ती पहिल्यांदाच थोडी हसली. "कौस्तुभदादाने सांगून ठेवलंय, पडद्यावर जे वेडंवाकडं दिसेल ते जसंच्या तसं वहीत उतरवायचं. नाहीतर तो ओरडतो."

तिने वही आणली. वहीतलं तिचं अक्षर डावीकडे झुकलेलं. ती डावखुरी होती. सोमवारच्या तारखेखाली तिने लिहिलं होतं:

"T1#T1"T1#T1"T1#T1

आणि ते असंच पुढे पुढे. मी बोट ठेवून मोजलं. सहा अक्षरांचा तोच तुकडा बरोबर नऊ वेळा.

तारघरात असा कागद आला की नवी मुलं तो फाडून टाकत. आम्ही जुन्या बायका टाकत नसू. कचरा कधी एकच गोष्ट नऊ वेळा सांगत नाही.

"आणि काल कुठे होतीस?"

तिने मान खाली घातली. "मामाकडेच. सकाळपासून."

३

शत्रुघ्न वाडीत केळीचे लोंगर उतरवत होता. त्याच्यामागे ते चौदा नंबरचं बावखल, हिरवं, शांत, कडेला दोन बदकं.

"या ताई. पोरीवर आळ आला म्हनतात."

"तुझ्यामुळेच आला."

"माझ्यामुलं?" त्याने कोयता खांबात रोवला. "मला हे बुजवायचंय, ते मी चावडीवर ओरडून सांगितलंय. बिल्डर गोखिवऱ्यावरून दोनदा येऊन गेला. पन ताई, मला बुजवायचं असेल तर मी डंपर आनीन. कॉम्पुटर कशाला आनू? पानी कॉम्पुटरमदी हाय का?"

"यादीत नसलं की बुजवायला सोपं."

"यादीत असलं म्हनून कोन थांबलंय?" तो खो-खो हसला, मग कोयत्याची मूठ चाचपू लागला. "पोरीला घालवतील का?"

"काल सकाळी ती इथे होती?"

"आठ वाजल्यापासून. माझ्या बायकोसंगं पापड लाटत होती. साक्ष देतो मी. पन माझी साक्ष कोन धरनार, मीच चोर!" तो पुन्हा कोयता उपसायला वळला आणि सहज म्हणाला, "मी तर बायकोला म्हटलं, आपली भाची हितं आनि क्लासात पंखा कोन फिरवतंय?"

"काय म्हणालास?"

"काल सकाळी. साडेनवाला मी तिकडून सायकलीवर येत होतो. चर्चमधून मान्सं परतत होती. क्लासाची मागची खिडकी उघडी, आत पंखा गरगर. मला वाटलं, कौस्तुभ असंल."

"कौस्तुभ काल इथे नव्हता."

"मंग?"

मंग काय, ते मलाही कळलं नव्हतं. कौस्तुभचा रविवारी पुण्यात ज्ञानदा नावाच्या मुलीशी साखरपुडा होता, आणि त्याचे साठ साक्षीदार होते.

४

कौस्तुभ संध्याकाळी पुण्याहून पेढ्यांचा पुडा घेऊन उतरला. मी पेढा घेतला आणि त्याच्यापुढे वही ठेवली.

"मी ज्ञानदा असते तर होकार देण्याआधी एक प्रश्न विचारला असता," मी म्हटलं. "हा मुलगा सुटीच्या दिवशी तरी माणसांशी बोलतो का?"

"ताई, चेष्टा नको." तो वहीकडे बघत होता. मग त्याचा चेहरा पडला. "अरेरे. ही माझी चूक आहे."

"फुली तू मारलीस?"

"नाही, नाही. मला एखादं बावखल उडवायचं असतं तर मी सरळ फाइल उघडून खोडलं असतं, माऊसला हातही लावला नसता. माझी चूक वेगळी." त्याने खुर्ची ओढली. "असं बघा. या काळ्या खिडकीतल्या प्रोग्रामला माऊस दिसतच नाही. त्याला फक्त अक्षरं येतात, कीबोर्डवरून येतात तशी. म्हणून तो सुरू होताना खिडकीला सांगून ठेवतो, टिचकी पडली की मला अक्षरांत कळव."

"म्हणजे माऊससुद्धा टाईपच करतो."

"अगदी तसंच! त्याच तारेतून, कळा दाबल्यासारखी अक्षरं. आधी एक न दिसणारी खूण, मग तीन अक्षरं. कुठलं बटन, आडवं कितवं घर, वरून कितवी ओळ."

"आणि बंद होताना?"

"बंद होताना तो सांगतो, आता पुरे. पण मधेच मेला तर सांगायचं राहून जातं. खिडकीला बिचारीला काय कळणार? ती प्रत्येक टिचकीची अक्षरं पाठवत बसते. घेणारं कुणी नसतं, म्हणून ती खालच्या ओळीत सांडतात. मी ती सोय करायला हवी होती."

आमच्याकडेही असं व्हायचं. तिकडचं मशिन बंद पडलेलं असे आणि इकडचा माणूस तार ठोकत बसलेला असे.

"मग ही अक्षरं वाचता येतील?"

"प्रत्येक अक्षराला नंबर असतो. त्यातून बत्तीस वजा करायचे. बत्तीस का, तर पहिली बत्तीस अक्षरं छापायची नसतातच, ती..."

"हुकमाची असतात," मी म्हटलं. "घंटी वाजव, गाडी डावीकडे ने, कागद वर सरकव. मला नको शिकवू. तक्ता काढ."

त्याने तक्ता काढला आणि आम्ही दोघं शाळकरी मुलांसारखे वजाबाक्या करायला बसलो. ती दुहेरी अवतरणाची खूण चौतीस नंबरची. बत्तीस गेले, उरले दोन. T चौऱ्याऐंशी, उरले बावन्न. तो एकचा आकडा त्यांच्या तक्त्यात एकोणपन्नासावा, उरले सतरा. आणि # पस्तीस, उरले तीन. तीन म्हणजे बटन सोडलं.

"बावन्नावं घर, सतरावी ओळ," कौस्तुभ म्हणाला. "वरच्या तीन ओळी मथळ्याच्या. सतरातून तीन गेले..."

"चौदा."

दोघांनीही एकदम पडद्याकडे पाहिलं.

"आणि तो पहिला दोन?" मी विचारलं.

"बटनाचा. शून्य म्हणजे डावं, एक म्हणजे मधलं." त्याने तक्ता पुन्हा तपासला. "दोन म्हणजे उजवं. ताई, कुणीतरी चौदा नंबरवर 'बुजलेलं' हाच हुकूम दिलाय. एकदा नाही, नऊ वेळा."

५

मंगळवारी पहाटे चहा करताना मी त्या नऊ आकड्यावर अडले.

ज्याला फुली मारायची तो एकदा टिचकी मारतो, फुली बघतो आणि उठतो. आता हे नऊचे नऊ ठोके मेलेल्या प्रोग्रामवर पडलेले. फुली त्याआधीच, तो जिवंत असताना उमटलेली. म्हणजे माणसाला हवं ते मिळालं होतं, तरी तो थांबला नव्हता. मग त्याला फुली हवीच नव्हती. त्याला दुसरं काहीतरी हवं होतं आणि ते होत नव्हतं.

चहाचा कप उचलायला मी उजवा हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

सोमवारी स्वप्नालीच्या खुर्चीत बसल्यावर मी माऊस बाजूला सारला होता. याच हाताने. एरवी त्या खुर्चीत माझा हात माऊस शोधत बसायचा, कारण डावखुऱ्या स्वप्नालीचा माऊस कीबोर्डच्या डावीकडे असे. सोमवारी तो उजवीकडे होता.

आठ वाजता मी क्लासच्या दारात उभी होते. "कौस्तुभ, स्वप्नालीसाठी तू माऊसचं काही केलं होतंस?"

"बटनं उलटी करून दिलीत ना. तिच्या अंगठ्याशेजारचं बोट उजव्या बटनावर येतं, म्हणून तिचं उजवं ते मशिनसाठी डावं." बोलता बोलता त्याने कपाळावर हात मारला.

"म्हणजे कुणी परका माणूस आला, माऊस उजवीकडे घेतला आणि जगाच्या रीतीने डावं बटन दाबलं, तर?"

"तर मशिनला उजवं कळणार. त्याला नोंद उघडायची होती, ताई! आणि पडली फुली."

"आणि प्रोग्राम मेला कसा?"

"वीज गेली असती तर मशिनच बंद पडलं असतं. मी मारला नाही. उरलं एकच, कुणीतरी कीबोर्डवरून मारला. कंट्रोल आणि सी दाबलं की या खिडकीतला प्रोग्राम जागच्या जागी थांबतो. पण ते कोण कशाला दाबेल? ते फक्त..."

तो पुढे काय बोलला ते मी ऐकलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे एका छोट्या डायरीतली लाल शाई आली होती.

"बावन्नाव्या घरात काय असतं रे?" मी विचारलं. "ओळीत आधी नंबर, मग बावखलाचं नाव, मग गाव. जागा लाटणारा माणूस यातल्या कशावर तरी टिचकी मारेल. बावन्नावर काय आहे?"

कौस्तुभने पडद्याला बोट लावून घरं मोजली.

"माहिती सांगणाऱ्याचं नाव," तो म्हणाला. "चौदा नंबरची माहिती कुणी दिली होती?"

मी चष्मा पुसला आणि वाकून वाचलं.

६

बर्नार्ड सर पडवीत बसून स्मरणपत्रिकेच्या मजकुराशी झटत होते. येत्या रविवारी त्यांच्या बायकोचं, विनीबाईंचं, पहिलं वर्षश्राद्ध होतं. चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना, आणि घरोघरी द्यायला एक छोटं कार्ड. विनीबाई मागच्या नोव्हेंबरात गेल्या. त्याआधी महिनाभर स्वप्नालीने त्यांच्या उशाशी बसून बावखलाच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या.

"या वसुंधराबाई. चारच्या मीटिंगचं काही?"

"सर, रविवारी मिस्सा संपल्यावर कुठे गेला होतात?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "माझी उलटतपासणी?"

"सगळ्यांना विचारून झालं. तुम्हाला कुणी विचारलंच नाही, कारण विचारणारे तुम्हीच होता."

समोर कुणीतरी बोंबील वाळत घालत होतं, त्याकडे ते पाहत राहिले.

"क्लासमध्ये गेलो होतो," शेवटी ते म्हणाले. "पण मी काही लिहिलं नाही, खोडलं नाही. फेबियन म्हणाला, डॅडी, मम्मीचे शब्द कार्डावर घाला. तिचे शब्द माझ्याकडे कुठे आहेत? पत्रं तिने कधी लिहिली नाहीत. मग आठवलं, चौदा नंबरवर पूर्वी आमचाही रहाट होता, त्याविषयी तिने सांगितलेलं तिथे आहे. स्वप्नालीकडे मागणं मला... अध्यक्षाने रडत बसायचं का त्या पोरीपुढे? म्हणून एकटा गेलो. नाव सापडलं. टिचकी मारली. काहीच उघडेना. म्हटलं, आधी निवडून घेऊ, मग कॉपी करू. फेबियनने सांगितलंय तसं दाबलं."

"कंट्रोल आणि सी."

"हो. मग तर सगळंच थिजलं. पुन्हा पुन्हा टिचकी मारली, तर खाली काहीतरी अक्षरं येऊ लागली. मला वाटलं मशिन बिघडवलं. पडदा बंद केला आणि निघून आलो."

"माऊस उजवीकडे घेतला होतात?"

"घेणारच. कुणी भलत्या बाजूला ठेवला होता."

मी वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि जे जसं घडलं ते सांगितलं. गणिताचे शिक्षक, वजाबाकी त्यांनी स्वतः करून पाहिली. चौदा आले तेव्हा त्यांचं ते रोखलेलं बोट पहिल्यांदाच दुमडलं.

"डाव्या टोकाला फुली पडली, ती मला दिसली नाही," ते म्हणाले. "मी तिच्या नावाकडे बघत होतो." मग म्हणाले, "नऊ वेळा?"

"नऊ."

"मला वाटलं दोनतीनदा."

आत घड्याळात अकरा वाजले. सरांनी वही मिटली, पण मला परत दिली नाही.

"मी त्या पोरीला काय काय बोललो, वसुंधराबाई. तुम्ही होतात तिथे."

"होते."

"ही वही चारपर्यंत माझ्याकडे राहू दे."

७

चार वाजता समिती जमली. बोलावणं नसताना शत्रुघ्नही आला आणि दाराला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला. स्वप्नालीने किल्ली आधीच टेबलावर काढून ठेवली होती.

मला भीती होती की सर गोष्ट गुळगुळीत करतील. मशिनचा दोष, कुणाचीच चूक नाही, वगैरे. कौस्तुभ तर तसं म्हणायला उठलाच होता. सरांनी त्याला बसवलं.

"फुली माझ्या हाताने पडली," ते उभं राहून म्हणाले. "ती नकळत पडली. पण काल मी जे बोललो ते नकळत नव्हतं. ही पोरगी शत्रुघ्नची भाची आहे एवढ्यावर मी तिला चोर ठरवलं. तिने कचरासुद्धा प्रामाणिकपणे उतरवून ठेवला होता, म्हणून ती सुटली. नाहीतर मी तिला सोडलं नसतं." त्यांनी किल्ली उचलून स्वप्नालीपुढे धरली. "मला माफ कर."

स्वप्नालीने किल्ली घेतली. शत्रुघ्न दारातून म्हणाला, "सर, पंख्याचं मी सांगितलं हां. माझं बी नाव लिवा कुटंतरी." तेव्हा कुठे सगळे हसले.

मग स्वप्नाली खुर्चीत बसली. माऊस तिने डावीकडे ओढून घेतला, फुली काढली, आणि सरांकडे न बघता विचारलं, "सर, उघडू?"

सरांनी मान हलवली. तिने विनीबाईंच्या नावावर टिचकी मारली. एकच.

नोंद उघडली. इंग्रजी लिपीतलं मराठी; सर ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचू लागले. कधी खणलं, किती खोल, रहाट केव्हा मोडला. मग ते थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं ते आजही मला तोंडपाठ आहे.

'लग्न होऊन आले तेव्हा या घरात मला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. एकदा बर्नार्ड रहाट हाकायला आला आणि पाटात घसरून पडला. नवीन पँट. मी केळीच्या आड होते, पोटभर हसले. त्याला अजून माहीत नाही. त्या दिवशी मला हे घर माझं वाटलं.'

सरांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "पँट राखाडी होती," आणि खिशात रुमाल शोधू लागले.

बुधवारी एक्केचाळीस बावखलांची यादी कचेरीत पोचली. त्यातली किती आज शिल्लक आहेत ते सांगायला मला लाज वाटते; कागदाने डंपर थांबत नाहीत, हे शत्रुघ्न बरोबर बोलला होता. चौदा नंबर मात्र आहे. बिल्डर तिसऱ्यांदा आला तेव्हा शत्रुघ्नने त्याला परत पाठवलं. कारण विचारलं तर सांगायचा, बदकं अंडी द्यायला लागलीत. तो करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. वाडी आता त्याचा मुलगा बघतो, बदकंही आहेत.

कौस्तुभने त्याच आठवड्यात प्रोग्राम सुधारला. फुली मारण्याआधी तो विचारू लागला, आणि कसाही मेला तरी माऊस सोडून मरू लागला. ज्ञानदाशी लग्न करून तो पुण्याला गेला. मोठ्या कंपनीत आहे, दाढी अजून विसरतो. नव्या पोरांना पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगतो म्हणे, माझ्या नावासकट.

स्वप्नालीला सरांचं पत्र मिळालं, जागाही मिळाली. आज ती त्या ग्रंथालयाची मुख्य आहे. तिच्या टेबलावर माऊस डावीकडे असतो आणि त्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही.

बर्नार्ड सर २०११ साली गेले. फेबियन आला होता. त्याने सरांच्या खिशातली शेवटची डायरी मला दाखवली. तिच्या पाठीला एक पिवळं पडलेलं कार्ड चिकटवलं होतं, वर्षश्राद्धाचं. त्यावर विनीबाईंचे ते पाटातले शब्द छापलेले होते, 'नवीन पँट'सकट.

मी एक्क्याऐंशीची आहे. गुडघे गेले, अक्षरं मात्र अजून ओळखते. वहीचं ते पान स्वप्नालीने मला देऊन टाकलं आणि ते माझ्या कपाटात आहे. माझी नात एकदा म्हणाली, आजी, हे काय लिहिलंय, काहीच्या काही. मी तिला शेजारी बसवलं आणि बत्तीस कसे वजा करायचे ते दाखवलं. सतरावी ओळ, बावन्नावं घर; बटन दाबलं, सोडलं; पुन्हा दाबलं, सोडलं. तिने नऊपर्यंत मोजलं आणि विचारलं, "एवढ्या वेळा का?"

"दार ठोठावत होता गं," मी म्हटलं. "आत बायको होती."